फिरती बैठक

ताम्पेरेला, तळ्याकाठच्या उघड्या नाट्यगृहात
रंगमंच फिरत नाही, माणसं फिरतात.
आठशे खुर्च्यांची एक भलीमोठी परात
आणि तिचा दांडा माझ्या हातात.
स्वयंपाकघर संपलं की ओढायचा,
स्टेशन आलं की सोडायचा.
मधली पाइनची झाडं फुकटात दिसतात.

तैस्तो हिर्वेला इथे नऊ उन्हाळे आहे.
त्याआधी तो आमच्या घरी असायचा,
शनिवारी सव्वासातला, काळ्यापांढऱ्या पेटीत,
चुकीचं दार ठोठावणारा पोस्टमन.
"हे आपलंच ना?" एवढंच म्हणायचा
आणि माझे वडील,
जे गिरणीतून येऊन बूटसुद्धा न बोलता काढत,
टेबलावर कपाळ टेकून हसायचे.

मालिका संपली. पेटी रंगीत झाली.
तो कानाच्या यंत्राच्या जाहिरातीत दिसला,
मग दिसेनासाच झाला:
कार्टूनमधल्या साळिंदराला आवाज देऊ लागला.
माझी नात त्याला साळिंदरच म्हणते.
तोही तिला पाहून अंग फुगवतो, काटे उभारल्यासारखं.

पुढे हेल्सिंकीच्या एका पोरसवदा दिग्दर्शिकेनं
त्याला सिनेमात घेतलं. वाक्य एकही नाही.
बायको गेलेला म्हातारा, बर्फाला भोक पाडून
गळ हलायची वाट बघतो.
पहिल्या खेळाला तो पडद्यावर आला
आणि थिएटर हसलं. नुसता आला, तरी.
पोरगी रडकुंडीला आली.
"हसू देत," हा तिला म्हणाला, "जुनी उधारी आहे,
चार मिनिटांत फिटेल."
मी मागच्या रांगेत घड्याळ लावून बसलो होतो. सहा लागली.
सातव्या मिनिटाला शेजारची बाई
पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

बक्षीस मिळालं. त्याचं त्यानं काय केलं, ठाऊक नाही.
जूनमध्ये परत आला, पाठीला तीच सॅक,
आणि तोच फार्स: जिन्यावरून गडगडणारा सासरा.

गडगडणं मात्र बंद. अठ्ठ्याहत्तर.
आता तो जिना उतरतो, फक्त उतरतो,
पायरीपायरीला थांबून, जणू तिची ओळख विचारतो,
आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त हसतात.
डास चावला तर त्यालाही नाटकात घेतो.

परवा तो विसरला.
"गाडी आली" हे वाक्य माझं. म्हणजे, त्याचं;
पण ते आलं की मी दांडा ओढतो.
ते आलंच नाही.
सूचक बाई दोनदा कुजबुजली.
तळ्यावरून एक मोटरबोट गेली, पार पलीकडे.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
तैस्तोनं माझ्या खिडकीकडे पाहिलं.

मी दांडा ओढला. का, ते विचारू नका.
खुर्च्या सरकू लागल्या, आणि तोही,
बैठकीच्या कडेकडेनं, तिच्याच गतीनं,
स्वयंपाकघराबाहेर, झुडपांतून,
स्टेशनात, जिथे पुढच्या प्रवेशाची मंडळी
अजून सॉसेज खात होती
(टोपी काढून, "हे आपलंच ना?"),
चर्चच्या पुठ्ठ्याच्या दारातून, पाण्याच्या बाजूनं,
आठशे माणसं फिरतायत आणि समोर तोच. तोच.
हसून हसून पुरेवाट.

सगळी सोंगं आणता येतात,
धापा टाकायचंसुद्धा.
दमाचं नाही आणता येत.
उपड्या होडीवर तो बसला.
हसू कडेच्या रांगांपासून विझत आलं.
मी दांडा सोडला.
रात्री नऊचं ऊन त्याच्या टकलावर,
तो श्वास घेतोय
आणि आम्ही सगळे ऐकतोय.
मग म्हणाला, "गाडी आली."

नंतर माझ्या खोक्याशी आला, घाम पुसत.
"उद्या जरा हळू ओढ."
म्हटलं, याला एकच गती आहे.
"बरं," म्हणाला, "मग मीच थोडा आधी निघेन."